कडी तिकडे, कोयंडा इकडे

मित्रांनो, दार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उभं, भिंतीत बसवलेलं, उघडणारं आणि बंद होणारं. हो ना? मग मला पाहून तुम्ही नक्की फसाल. मी आडवी आहे! एका लोखंडी पलंगावर पडलेली आहे आणि माझ्यावर एक माणूस झोपतो. पण मी मूळची दाराचीच. आमच्या गावच्या बुद्धविहाराला दोन फळ्यांचं सागवानी दार होतं. त्यातली डावी फळी म्हणजे मी. उजवी फळी माझी बहीण.

बहिणीच्या अंगावर कडी होती आणि माझ्या अंगावर कोयंडा. संध्याकाळची वंदना आटोपली, की कुणीतरी आम्हा दोघींना ओढून घ्यायचं. तिची कडी माझ्या कोयंड्यात पडायची. खट्ट! मग सकाळपर्यंत आम्ही एकमेकींना धरून उभ्या. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मलाही तेव्हा तसंच वाटायचं. कडी लागलेली असते तेव्हा काहीच वाटत नाही. निघाली की कळतं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. गावाभोवती काळी माती, पावसात चप्पल ओढून ठेवणारी. आमचं लाकूड मात्र तिथलं नाही, मेळघाटातलं. किसनराव सुतारांनी आम्हाला घडवलं. दोघी एकाच खोडाच्या, म्हणून अंगावरच्या रेषाही जुळणाऱ्या. माझ्यावर सुरू झालेली रेष बहिणीच्या अंगावर जाऊन संपायची. विहार लोकांनी स्वतः राबून बांधला होता. विहाराची देखभाल करणारे डोमाजी तेव्हा ऐन उमेदीतले होते. दर उन्हाळ्यात ते जवसाचं तेल आणायचे आणि चिंधीने आमचं अंग चोळायचे. "चमकल्या पाहा माया पोरी!" असं म्हणून एक एक थाप द्यायचे. त्या तेलाचा वास मला अजून आठवतो. खरं सांगू? त्या वासासाठी जीव तुटतो.

माझ्यावर झोपणारा तो माणूस म्हणजे सुगत, याच विहारात लहानाचा मोठा झाला. सगळी मुलं शांत बसून त्रिसरण म्हणायची आणि हा माझ्या कोयंड्याला लोंबकळून झोके घ्यायचा. मी 'कर्रर्र' करायची. डोमाजी ओरडायचे, "अबे सुगत, उतर खाली! दार हाय ते, पाळणा नाई!" तो उतरायचा. डोमाजींची पाठ वळली की पुन्हा लोंबकळायचा. मला आवडायचं ते. कुणाला सांगू नका.

मोठा झाल्यावर तो फौजेत भरती झाला. निघायच्या सकाळी तो विहारात आला. बूट बाहेर काढले. मूर्तीसमोर गुडघे टेकले, दोन्ही तळवे टेकले, कपाळ टेकलं. आमच्यात याला पंचांग प्रणाम म्हणतात. किती सहज वाकला होता तो! वाऱ्याने ज्वारीचं ताट वाकावं तसा. उठला, जाताना माझ्या अंगावर हात फिरवला आणि गेला. मित्रांनो, ते वाकणं नीट लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्या वाकण्याचीच आहे.

सुगत सुट्टीवर यायचा तेव्हा गाव गोळा व्हायचं. कधी वाळवंटातून यायचा, कधी बर्फातून. मग त्याचं शकुनशी लग्न झालं, मुलगी संध्या झाली. अशाच एका सुट्टीत तो विहारात आला आणि दारातच थांबला. सगळे खाली वाकले. तो वाकला नाही. उभ्यानेच एक हात छातीशी नेला.

डोमाजींनी पाहिलं. "काय गा सुगत, फौजीत जाऊन मान ताठ झाली काय?"

लोक हसले. सुगतही हसला. "ठीक आहे काका," एवढंच म्हणाला.

पण माझ्याकडून काही लपलं नाही. कारण त्याचा डावा हात माझ्या कोयंड्यावर होता आणि सगळा भार माझ्यावर. तळहात घामाने ओला झाला होता. लहानपणी लोंबकळायचा तेव्हासुद्धा त्याने मला इतकं घट्ट धरलं नव्हतं.

पुढे गावात नवीन विहार झाला. खाली फरशी, वर स्लॅब, समोर सरकणारा लोखंडी दरवाजा. छान झाला! पण आम्हाला जागा उरली नाही. ज्या दिवशी आमच्या बिजागऱ्या काढल्या, त्या दिवशी कडी कोयंड्यातून निघाली ती निघालीच. बहिणीला आतल्या खोलीत नेलं. भोजनदानाच्या वेळी पातेली ठेवायला ती कामी यायची. मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर ऊन आलं, पाऊस आला, शेळी पाठ घासून गेली, कोंबडीने खाली अंडी दिली. सगळ्यांनी माझा उपयोग केला, पण जवसाचं तेल कुणी आणलं नाही. भिंतीच्या पलीकडून मला पातेल्यांचे आवाज यायचे. प्रत्येक आवाजाला वाटायचं, आता बहीण बोलेल.

मग सुगत पेन्शनीवर आला. घरी आल्यावर एक दिवस बादली उचलायला गेला आणि तिथेच अडकला. वरही येईना, खालीही जाईना. शकुनने त्याला अमरावतीला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मणक्याला जुना मार आहे, गादीवर झोपू नका, फळीवर झोपा. शकुन थेट डोमाजींकडे आली.

"काकाजी, मांगची फळी देता काय? यायले झोपाले पाह्यजे."

"ने ना बाई. अठी पाण्यानं सडूनच राहिली हाय ती."

अशी मी सुगतच्या घरी आले. त्याने मला धुतलं, पुसलं आणि कोयंडा खालच्या बाजूला करून पलंगावर ठेवलं. पहिल्यांदा माझ्यावर आडवा झाला, तेव्हा त्याचा हात आपोआप खाली गेला आणि कोयंड्यावर जाऊन बसला. तेव्हापासून कळ आली की तो कोयंडा धरतो. तोंडाने हूं की चूं करत नाही. मला कळतं, घरातल्यांना कळत नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. सुगतची कंबर बर्फात गेली होती, हे घरात माहीत होतं. पण 'बर्फावर पडलो' याच्या पुढे तो काही सांगायचा नाही. पाठ जर नोकरीत दुखावली असेल, तर फौजेने तसं मानायला हवं, त्याची अपंगत्वाची पेन्शन वेगळी असते. पण फौजेतून निघताना तपासणीत साहेबांनी विचारलं होतं, "कोई तकलीफ?" आणि सुगतने टाचा जुळवून सांगितलं होतं, "नो सर!"

संध्याने एकदा विचारलं, "बाबा, पण काहून?"

"साहेब इचारते तं काय रडाचं काय त्यायच्यापुढं? मांगं लाइन लागली होती."

मित्रांनो, ही चूक फक्त फौजीच करू शकतो. ताप असेल तरी 'ठीक है साब', हात मोडला तरी 'ठीक है साब'. त्यांना तेच शिकवलेलं असतं आणि त्यावरच ते टिकतात. फक्त हे बंद कसं करायचं, ते कुणी शिकवत नाही.

घरच्यांनी हट्ट केला तेव्हा सुगतने अर्ज केला आणि लष्करी दवाखान्यात त्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढे बोलावणं आलं. त्याने आदल्या दिवशी बूट घासले. इतके घासले, की संध्या म्हणाली, "बाबा, तुमी परेडले चालले का दवाखान्यात?" बसमध्ये बसता येत नव्हतं, तो उभ्याने गेला. परत आला तो भिंत धरून. शकुनने त्याला माझ्यावर निजवलं.

"सांगतलं ना सगळं?" संध्याने विचारलं.

"त्यायनं म्हनलं, झुक सकते हो? मी झुकलो."

"कसे झुकले तुमी? तुमाले चप्पल घालता येत नाई!"

"झुकलो," सुगत म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. कोयंडा त्याच्या मुठीत होता.

डॉक्टरांना दिसलं ते काय? चकचकीत बुटांचा, ताठ उभा राहणारा, सांगितल्यावर वाकणारा माणूस. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. निकाल आला, की हे दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही. शकुनने कपाळाला हात लावला. सुगत छपराच्या टिनाकडे पाहत पडून राहिला. मग म्हणाला, "माई कंबर तठी ठेवून आलो मी. आन ते म्हनतात, आमच्याकडं काई जमाच नाई."

पैशापेक्षा त्याला हेच लागलं होतं. आपली म्हणून जी गोष्ट आपण दिली, ती घेणाऱ्याने 'मिळाली' तरी म्हणावं. एवढीच त्याची आस होती. आणि दुसरी एक आस, ती तो कुणालाच सांगत नव्हता. रोज संध्याकाळी विहारात वंदना सुरू व्हायची, लाउडस्पीकरवरून घरात ऐकू यायची. सुगत जायचा आणि सगळ्यांच्या मागे उभा राहून यायचा. आल्यावर माझ्यावर पडून दोन्ही तळवे पालथे माझ्या अंगावर टेकवायचा. तसेच, जसे कधी काळी जमिनीवर टेकवले होते.

अमरावतीच्या सैनिक कार्यालयातून मदत झाली आणि दुसऱ्यांदा बोर्डापुढे जायची संधी मिळाली. तिसरी मिळेल की नाही, कुणाला माहीत नव्हतं. आता संध्याने कंबर कसली! ती दहावीत आहे आणि तिला कुणी थांबवू शकत नाही. वडिलांचा जाड फ्रेमचा चष्मा नाकावर चढवून ती खुर्चीत बसली आणि साहेब झाली. आवाज घोगरा केला.

"हाँ जवान! कमर में दर्द है?"

"नो सर!"

"बाबा!"

"अवं, तोंडातून निंगून गेलं."

"पुन्ना. हाँ जवान, बैठने में तकलीफ है?"

"नो स... थोडीशी. ठीक है साब."

"थोडीशी? काल जेवताना उभे होते तुमी! आई, पाह्य ना वं यायच्याकडं!"

चुलीपाशी शकुनला हसू आवरेना. "तू लय कडक साहेब हायस पोट्टे. त्यायले भेव वाटते."

रोज तालीम व्हायची आणि रोज सुगत नापास व्हायचा. संध्या हसायची, चिडायची. एकदा तर बोलता बोलता तिचे डोळेच भरून आले. "बाबा, तुमाले दुखते हे तुमाले सांगता नाई येत, तं मले कसं समजन वो? तुमी कुढता, आन आमी तठीच बाजूले टीव्ही पाहून राहिलो राहतो."

माझ्या कोयंड्याला माहीत आहे, त्या दिवशी सुगतने मूठ किती आवळली होती.

जायच्या वेळी संध्याला युक्ती सुचली. "बाबाले बसमध्ये उभं नाई ठेवाचं. फळीसकट न्याचं!" शेजारच्या शेखरचा माल वाहायचा छोटा टेम्पो होता. त्याच्या मागे आधी कापसाच्या गोण्या टाकल्या, त्यावर मला ठेवलं आणि माझ्यावर सुगत. संध्या माझ्या काठावर बसली. कडेची झाडं मागे पळत होती. मी सुगतला धरून होते. प्रत्येक खड्ड्याला मी आधी दचकायची, म्हणजे त्याला जरा कमी लागेल.

तरी व्हायचं ते झालंच. दवाखान्याच्या फाटकाशी टेम्पो थांबला. समोर गणवेशातला पहारेकरी दिसला आणि सुगत आडवा राहीना. "मी चालतच जाईन," म्हणत तो उतरला. एक पाय जमिनीवर टेकला आणि कंबर तिथेच धरली. शेखर आणि दवाखान्यातला एक माणूस धावले. त्यांनी त्याला परत माझ्यावर घेतलं, दोन्हीकडून मला उचललं आणि आत नेलं. लोक वळून वळून पाहत होते. सुगतने लाजेने डोळ्यांवर हात घेतला. खोलीच्या दाराशी संध्याला थांबवलं गेलं. "फक्त पेशंट," दारावरचा शिपाई म्हणाला.

म्हणजे आत मी आणि सुगत. जिने इतकी तालीम घेतली, ती बाहेर. आणि जिला तोंडच नाही, ती आत!

मला दोन टेबलं जोडून त्यांच्यावर ठेवलं. समोर दोन साहेब होते आणि मध्ये एक डॉक्टर मॅडम. त्यांच्या खांद्यावरचे तारे सुगतला दिसले आणि तो कोपरावर उठायला लागला.

"जय हिंद, मॅडम साब!"

"लेटे रहो. कैसी है कमर?"

"ठीक है, मॅडम साब!"

संपलं! मला वाटलं, संपलं सगळं. मला करकरायचं होतं, ओरडायचं होतं, की हा खोटं बोलतो आहे, याची मूठ पाहा! पण बिजागरी नसलेली फळी करकरणार तरी कशी?

मॅडमनी पेन माझ्या अंगावर वाजवलं. टक् टक्. "ये स्ट्रेचर तो नहीं है. क्या है ये?"

"दरवाजा है, मॅडम साब."

"दरवाजा? किसका?"

"गाँव के विहार का. अब वहाँ लोहे का लगा है."

"और तुम दरवाजे पे क्यों सोते हो?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. याला 'नो सर' चालत नव्हतं आणि 'ठीक है' तर मुळीच नाही. सुगतचा हात खाली आला आणि त्याने कोयंडा चाचपला. मग तो बोलायला लागला. दुखण्याबद्दल नाही, माझ्याबद्दल!

"बचपन में इसको लटकता था, मॅडम साब. भरती हुआ तो माथा टेक के इसी दरवाजे से निकला. अब नहीं टेक सकता. सब झुकते हैं, मैं पीछे खडा रहता हूँ. जैसे इन्स्पेक्शन करने आया हूँ. लोग बोलते हैं, फौजी को घमंड आ गया."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"कब से नहीं झुक सकते?"

आणि मग आलं सगळं. बर्फातली चौकी. बर्फात खोदलेल्या पायऱ्या. पाठीवर रॉकेलचा भरलेला कॅन. पाय सटकला आणि तो बसल्या बसल्या खाली आदळला, वरून कॅन. चौकीवर माणसं कमी होती. साहेबांनी विचारलं, ठीक हो? तो म्हणाला, ठीक हूँ. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅन उचलला. माझ्यावर तो इतकी वर्षं झोपतो, पण हे मीही पहिल्यांदा ऐकलं.

"किसीने गिरते देखा था?"

"हाँ मॅडम साब. पीछे उस्ताद थे. उन्होंने ही उठाया."

मॅडमनी त्या उस्तादांचं, म्हणजे त्याच्या वरच्या हवालदारांचं, नाव आणि पलटण विचारून घेतली. मग उठून जवळ आल्या आणि आवाज एकदम कडक केला. "अब मेरा ऑर्डर सुनो, जवान. मैं दबाऊँगी. जहाँ दर्द हो, वहाँ जोर से 'हाँ' बोलना है. छुपाया तो चार्ज लगाऊँगी. समझे?"

"हाँ, मॅडम साब!"

त्याला हळूच कुशीवर वळवलं. बोट मणक्यावर आलं. "हाँ, मॅडम साब!" खाली सरकलं. "हाँ, मॅडम साब!" पाय जरा उचलला. "हाँ, मॅडम साब! हाँ!" हुकूम मिळाल्यावर सुगत कधी मागे हटला आहे का? आवाज इतका खणखणीत, की बंद दाराबाहेर संध्याने ऐकला. ती नंतर शेखरला सांगत होती, की तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि बाकावरच्या एका आजीने विचारलं, "पोरी, आत भरती सुरू हाय काय?"

परतीच्या वाटेला शेखरने पुढून विचारलं, "काय झालं मंग भाऊ?"

"निकाल वरतून येते म्हने. टाइम लागन."

"तुमी सांगतलं काय पण?" संध्या त्याच्या तोंडावर वाकली.

"सांगतलं."

"काय?"

"दुखते म्हनून."

"खरंच? कसं काय?"

"ऑर्डर होता," तो म्हणाला. संध्या हसता हसता माझ्यावर थापा मारू लागली. जवसाचं तेल नव्हतं, पण थापा अगदी तशाच होत्या.

मग वर्षावास सुरू झाला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. त्या प्रवासाने सुगतची पाठ आणखी बिघडली होती. फार वेळ उभं राहता येत नव्हतं. संध्या म्हणाली, "फळी घेऊन जाऊ. दुखलं की टेकजा." पूर्वी सुगत मरण पत्करता, पण हे पत्करता ना. त्या दिवशी तो म्हणाला, "चाल."

पुढे सुगत, मागे मला उचलून शेखर आणि संध्या. किती वर्षांनी मी त्या गल्लीत येत होते! लोखंडी दरवाजा सरकला. डोमाजी आता म्हातारे झाले आहेत, पण जीभ तशीच आहे.

"काबे सुगत, आता दरवाजाच संग घेऊन फिरून राहिला काय? आमचा लोखंडी पटला नाई वाटते!"

लोक हसले. सुगतनेही हसायला तोंड उघडलं. आता 'ठीक आहे काका' येणार, मला वाटलं. पण त्याने एकदा संध्याकडे पाहिलं.

"काका, मले खाली बसता येत नाई. वाकता बी येत नाई. कंबर दुखते माई. लय दुखते. फौजीत पडलो तवापासून."

ग्रंथाचं पान उलटता उलटता कुणाचा तरी हात थांबला. शकुनने मान खाली घातली आणि पदराने डोळे पुसले. डोमाजी उभे राहिले ते तसेच.

"अबे, आन आमी तुले ताठ मानेचा म्हनत होतो," ते हळूच म्हणाले. "मंग सांगतलं काहून नाई?"

"कोनी ऑर्डर नाई देल्ली, काका."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, डोमाजीसुद्धा. पण त्यांचे डोळे हसत नव्हते. ते काठी टेकत आतल्या खोलीत गेले. पातेली सरकवल्याचा आवाज आला. "शेखर, हात लाव गा इकडं!"

आणि माझी बहीण बाहेर आली.

मित्रांनो, काय सांगू! तिच्या अंगावर हळदीचे डाग होते, पातेल्यांच्या काळ्या गोलांच्या खुणा होत्या. कडी तशीच लोंबत होती. डोमाजींनी विटांच्या दोन थप्प्या रचायला लावल्या. "किती उंच पाह्यजे? कंबरेइतकी?"

"अजून थोडी," सुगत म्हणाला.

आणखी विटा आल्या. मूर्तीसमोर, त्याच्या छातीच्या जरा खाली, बहिणीला आडवं ठेवलं. मला बाजूच्या भिंतीला टेकवून उभं केलं होतं. गंमत पाहा, इतक्या वर्षांनी मी उभी आणि ती आडवी! संध्याने चाफ्याची फुलं वडिलांच्या ओंजळीत दिली. सुगतने ती बहिणीच्या अंगावर ठेवली. दोन्ही तळवे टेकले. आणि जेवढी वाकायची तेवढी मान वाकवली. ज्वारीच्या ताटासारखा नाही वाकला तो. पण वाकला. मागून गुडघे दुखणाऱ्या दोन म्हाताऱ्या उठून आल्या. "आमाले बी अठीच ठेवू द्या वं फुलं. खाली गेलं का उठनं होत नाई." इतके दिवस त्याही गप्प होत्या.

बहीण माझ्यापासून हातभर लांब होती. माझ्या अंगावरची रेष कुठे संपते ते मला दिसत होतं. वाचन चाललं तोवर मी पाहत राहिले. पण कडी कोयंड्यात पडली नाही. वाचन संपल्यावर सुगतची पाठ टेकायला हवी होती, म्हणून मला घरी आणलं. मला यायचं नव्हतं आणि यायचंही होतं. तुम्हाला असं कधी झालं आहे का?

बहीण आता तिथेच असते. मी इथे. निकाल अजून आलेला नाही. पोस्टमनची सायकल वाजली की सुगतचा हात कोयंड्यावर जातो आणि मीही कान देते. एक बरं झालं आहे. कळ आली की तो आता मूठ आवळतो आणि वर तोंडानेही म्हणतो, "संध्या, दुखून राहिलं वं." संध्या टीव्ही बंद करून येते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी, गल्लीत कुणी ताठ उभं राहणारं माणूस असेल, तर त्याला गर्विष्ठ म्हणण्याआधी त्याचा हात कशावर टेकला आहे ते पाहा. 'ठीक आहे' म्हणालं तर तिथे थांबू नका. दुखतं का, असं विचारून कळलं नाही, तर दुसरं काहीतरी विचारा. दारावर का झोपता, असंसुद्धा चालेल. आणि जमलं, तर एखाद्या जुन्या फळीला वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा.

थांबा, वंदना संपली वाटतं. सुगत आला. हळूहळू माझ्यावर टेकला. हात खाली आला, कोयंड्यावर बसला. त्याच्या तळव्याला चाफ्याचा वास आहे. आणि त्या वासाखाली, अगदी बारीक, जवसाच्या तेलाचा. म्हणजे डोमाजींनी चिंधी पुन्हा काढली.

बहीण बरी आहे.